भरती होण्याआधीच पगारकपात

१ एप्रिल २०१३ ला ब्रिटनच्या पोलीस खात्यात दोन गोष्टी झाल्या. स्कॉटलंडमधली आठ प्रादेशिक पोलीस दलं मोडून ‘पोलीस स्कॉटलंड’ हे एकच दल उभं राहिलं. आणि सीमेच्या दक्षिणेला, इंग्लंड-वेल्समध्ये, त्या दिवसापासून भरती होणाऱ्या कॉन्स्टेबलचा सुरुवातीचा वार्षिक पगार २३,२५९ पौंडांवरून १९,००० पौंडांवर आला. शंभरातले अठरा गेले.

ट्वीड नदीच्या मुखाशी बेरिक नावाचं गाव आहे. ते इंग्लंडमध्ये, नॉर्थंब्रिया पोलिसांच्या हद्दीत येतं. गाडीने दहा मिनिटं उत्तरेला गेलं की स्कॉटलंड लागतं. स्कॉटिश सरकारने ही कपात स्वीकारलीच नाही, त्यामुळे सीमेपलीकडे नवा शिपाई जुन्याच श्रेणीत, २३ हजारांच्या वर सुरुवात करत होता आणि अलीकडे नियमाची पायरी होती १९ हजारांची. तेच राज्य, तोच राजमुकुट टोपीवर, भांडणारे दारुडेही साधारण तेच. फरक होता तो ही कपात सुचवणाऱ्या एकाच अहवालावर दोन सरकारांनी दिलेल्या वेगवेगळ्या उत्तरांचा.

१९ हजार पौंड म्हणजे त्या वेळच्या दराने सोळा लाखांच्या आसपास रुपये. आपल्या कानाला हा आकडा भरघोस वाटतो, पण रुपयांत रूपांतर करून परदेशातले पगार मोजण्याची आपली सवय फार फसवी आहे. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या पूर्णवेळ नोकरदाराची मध्यक कमाई वर्षाला साधारण २६,५०० पौंड होती. प्रौढाच्या किमान वेतनाने आठवड्याला चाळीस तास राबलं तर वर्षाला तेरा हजारांच्या आसपास सुटत. या दोन आकड्यांच्या मध्ये, थोडा खालच्या बाजूला, नवा कॉन्स्टेबल आणून बसवला गेला. पोलिसांच्या मदतीला जे ‘कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर’ असतात, ज्यांना अटकेचे पूर्ण अधिकारही नसतात, त्यांच्यातल्या अनेकांच्या हातात पाळीभत्ता धरून जवळपास एवढीच रक्कम पडत होती. तिथून बढती म्हणून कॉन्स्टेबल व्हायचं आणि पगार तिथेच राहायचा, प्रसंगी घटायचा, असा हा प्रकार.

सरकार इथवर आलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. २००८ च्या बँक-संकटानंतर ब्रिटनचा खजिना रिकामा झाला होता. २०१० मध्ये कॅमेरून यांचं आघाडी सरकार आलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या केंद्रीय अनुदानात चार वर्षांत २० टक्के कपात जाहीर झाली. पोलीस दलाचा बहुतेक खर्च पगारावर होतो. इतर खात्यांनी अशा वेळी माणसं कमी केली. पोलिसांत ते करता येत नव्हतं, कारण इंग्रजी कायद्यात कॉन्स्टेबल हा कोणाचा नोकर नसतो. तो शपथ घेऊन एक पद धारण करतो. नोकरीच नाही, तर तिच्यातून अतिरिक्त ठरवून काढणार कसं? मग दलांनी दोनच वाटा शोधल्या. एक, भरती थांबवायची. दुसरी, निवृत्तिवेतनाच्या नियमांतलं ‘ए-१९’ नावाचं एक जुनं कलम बाहेर काढायचं आणि तीस वर्षं सेवा झालेल्यांना कार्यक्षमतेच्या नावाखाली सक्तीने घरी पाठवायचं. त्यावरून खटले झाले, ते वर्षानुवर्षं चालले. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा नजर पगाराच्या रचनेकडे वळली.

गृहमंत्री थेरेसा मे यांनी हे काम टॉम विन्सर यांच्याकडे दिलं. विन्सर वकील, याआधी रेल्वेचे नियामक होते. पोलिसांत एक दिवसही काढलेला नाही, हे पोलिसांनी त्यांना कधी विसरू दिलं नाही, आणि पुढे याच गृहस्थांना सरकारने पोलिसांचे मुख्य निरीक्षक नेमलं, तेव्हा तर खात्यात संतापाला उधाण आलं. त्यांचा अहवाल दोन भागांत आला: पहिला मार्च २०११ मध्ये, दुसरा मार्च २०१२ मध्ये. सुरुवातीच्या पगाराची शिफारस दुसऱ्या भागातली.

विन्सर यांचा युक्तिवाद वाचला तर तो मूर्खपणाचा नाही, हे मान्य करावं लागतं. पोलीसभरतीची जाहिरात निघाली की एकेका जागेला कितीतरी उमेदवार रांगेत उभे राहतात. मग बाजारभावापेक्षा जास्त मोजायचं कशाला? देशाच्या गरीब भागांत पोलिसाचा पगार स्थानिक सरासरीच्या कितीतरी वर होता. शिवाय जुन्या श्रेणीत पगार वाढायचा तो वर्षं भरली म्हणून, काम अवघड आहे म्हणून नव्हे. ठाण्यात फायली सांभाळणारा आणि मध्यरात्री चाकू हिसकावून घेणारा एकाच पायरीवर. तेव्हा सुरुवात खाली आणा, पण शिखरावर पोचायला दहाऐवजी सातच वर्षं लागू देत, असं त्यांचं म्हणणं. शिखर तेच राहिलं: ३६,५१९ पौंड.

या शेवटच्या मुद्द्यावर सरकारचा फार भर होता: नव्यांचं नुकसान होतच नाही, उलट ते लवकर वर पोचतात. हे तपासायला दोन शिड्या शेजारी ठेवाव्या लागतात. जुनी शिडी २३,२५९ ला सुरू व्हायची. सुरुवातीचं प्रशिक्षण संपलं की २५,९६२. दोन वर्षांनी २७,४७१. पुढे २९,१४८, ३०,०६६, ३१,०३२, ३१,९१७ अशी हळूहळू चढत जायची. नवी शिडी १९,०००, २२,०००, २३,०००, २४,०००, २५,०००, २७,०००, ३१,००० आणि मग एकदम उडी मारून ३६,५१९. वार्षिक महागाईवाढ बाजूला ठेवून बेरीज केली, तर पहिल्या सात वर्षांत नव्या शिपायाचे साधारण २८ हजार पौंड बुडतात. आठव्या वर्षापासून तो पुढे जातो, पण दहाव्या वर्षापर्यंत त्यातले सात-सव्वासात हजारच परत येतात. निव्वळ तोटा वीस हजारांच्या वर, एका वर्षाच्या सुरुवातीच्या पगारापेक्षा जास्त. प्रशिक्षण संपताच जुन्या माणसाला वरची पायरी मिळायची, हे धरलं तर तोटा आणखी थोडा वाढतो. आणि हा तोटा नेमका कुठल्या वयात येतो? विशी-पंचविशीत, घर भाड्याने घ्यायचं असतं तेव्हा, लग्नाचा विचार चाललेला असतो तेव्हा. २०१२ पासूनच इंग्लंडमधल्या विद्यापीठांची फी वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत गेली होती, म्हणजे पदवीधर उमेदवार डोक्यावर कर्ज घेऊनच ठाण्यात येणार.

शिडीच्या शेवटच्या पायरीची उंचीही लक्षात घ्या. सहा वर्षं थोडं थोडं आणि सातव्याला साडेपाच हजार. हा पगार टिकून राहणाऱ्याला बक्षीस देतो आणि मधेच सोडून जाणाऱ्याकडून सगळी किंमत वसूल करतो. हिशेबनिसाला हे आवडेल. पण यात गृहीत धरलेलं असतं की माणूस टिकेल.

ब्रिटिश पोलिसांना पगारावरून सरकारशी झगडायची सवय जुनी आहे. १९१८ आणि १९१९ मध्ये ते चक्क संपावर गेले होते. त्यानंतर डेस्बरो समितीने पगार भरपूर वाढवला आणि त्याच सालच्या कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेत जायला बंदी घातली. बदल्यात ‘पोलीस फेडरेशन’ ही कायद्याने मान्य केलेली प्रतिनिधी संस्था दिली. संपाचा हक्क सोडायचा आणि बऱ्यापैकी पगार घ्यायचा, असा तो न लिहिलेला सौदा. सत्तरच्या दशकात महागाईने तो मोडला, पोलीस धडाधड राजीनामे देऊ लागले, तेव्हा १९७८ मध्ये लॉर्ड एडमंड-डेव्हिस यांच्या समितीने एकदम ४५ टक्क्यांची वाढ सुचवली. ती एकरकमी देण्याचं काम १९७९ मध्ये निवडून येताच मार्गारेट थॅचर यांनी केलं. त्यांच्याच पक्षाच्या सरकारने १९९२ मध्ये तंबाखू कंपनीचे अध्यक्ष सर पॅट्रिक शीही यांना पोलिसांच्या पगाराचा फेरविचार करायला सांगितलं. कमी सुरुवात, मुदतीचे करार, कामगिरीनुसार पगार, सगळं त्यांनी सुचवलं. वेम्बलीला वीस हजारांहून जास्त पोलीस जमले आणि गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांनी मोठ्या शिफारशी गुंडाळून ठेवल्या. एक गोष्ट मात्र निसटून गेली. १ सप्टेंबर १९९४ नंतर भरती होणाऱ्यांचा घरभत्ता बंद झाला. जुन्यांचा चालू राहिला, म्हणून आरडाओरडा फारसा झाला नाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या घरभत्त्यात आहे. ज्याची अजून भरतीच झालेली नाही, त्याचा पगार कापणं सगळ्यात सोपं. तो मोर्चात येत नाही, संघटनेची वर्गणी भरत नाही, वाटाघाटीच्या टेबलावर त्याची खुर्ची नसते. त्याला तर आपण पोलीस होणार हेही ठाऊक नसतं. आत असलेल्यांना आपलं राखायचं असतं आणि सरकारला कुठे तरी बचत दाखवायची असते. बाहेरच्याच्या खर्चाने दोघांचं जमतं.

२०१२ मध्ये आतल्यांचंही बरंच गेलं होतं, हे खरं. वर्षाला १,२१२ पौंडांचा कार्यक्षमता भत्ता टप्प्याटप्प्याने बंद होणार होता, वेतनवाढी गोठवल्या होत्या, निवृत्तिवेतन बदलत होतं. १० मे २०१२ रोजी तीस हजारांहून अधिक पोलीस सुट्टी घेऊन साध्या कपड्यांत लंडनच्या रस्त्यांवरून चालले. अनेकांच्या डोक्यावर काळ्या टोप्या होत्या. कपातीमुळे जाणाऱ्या १६,००० पोलीस-जागांसाठी. काही दिवसांनी बोर्नमथला फेडरेशनच्या अधिवेशनात थेरेसा मे यांची भर सभेत हुर्यो उडवली गेली. एरवी हाच वर्ग हुजूर पक्षाचा हक्काचा मतदार.

वाटाघाटी फिसकटल्या आणि प्रकरण पोलीस लवादाकडे गेलं. लवादाने सुरुवातीच्या पगाराची कपात मान्य केली, पण दलाच्या प्रमुखाला उमेदवाराची पात्रता आणि स्थानिक गरज पाहून २२ हजारांपर्यंत सुरुवात देण्याची मुभा ठेवली. सक्तीची नोकरकपात मात्र लवादाने अडवली, पुढे सरकारनेही ती सोडून दिली. जानेवारी २०१३ मध्ये मे यांनी निवाडा जसाच्या तसा स्वीकारला. आतल्यांची नोकरी वाचली, बाहेरच्यांची सुरुवात घसरली. पुढच्याच वर्षी, ज्या मंडळात या वाटाघाटी होत, ते इंग्लंड-वेल्सपुरतं बरखास्त झालं आणि त्याच्या जागी सरकारला फक्त शिफारस करणारी वेतन आढावा समिती आली.

पगार खाली येत असताना पात्रता मात्र वर जात होती, ही यातली सगळ्यात बोचरी गंमत. ‘पोलीस ज्ञान प्रमाणपत्र’ म्हणावं असा एक अभ्यासक्रम निघाला. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी तो भरतीसाठी आवश्यक केला. त्याची फी हजार पौंडांच्या घरात, ती उमेदवाराने स्वतः भरायची, आणि भरूनही नोकरीची हमी नाही. आपल्याकडे मुलं भरतीच्या अकादमीत पैसे ओततात त्याची आठवण व्हावी, फक्त तिथे ती अटच होती. काही वर्षांनी पदवीची चौकट आली: एकतर पदवी घेऊन या किंवा नोकरी करत करत पदवी मिळवा. या दुसऱ्या वाटेने येणाऱ्या शिकाऊ कॉन्स्टेबलला १८ हजारांपासून सुरुवात देता येत होती. बारावी झालेल्याला २०१० मध्ये जितके मिळायचे, त्याहून पाच हजार कमी, आणि वर पदवीचा अभ्यास.

एकदा खाली आलेली पायरी पुढे एक टक्क्याच्या वार्षिक वाढीत अडकली. २०१७ च्या सप्टेंबरमध्येही ती २० हजारांच्या आतच होती. दरम्यान मार्च २०१० मध्ये १,४३,००० च्या वर असलेली पोलिसांची संख्या घटत घटत १,२२,००० वर आली. मग २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन आले आणि तीन वर्षांत २० हजार नवे पोलीस भरू असं म्हणाले. ज्या दलांनी नऊ वर्षं भरतीची यंत्रणा गुंडाळून ठेवली होती, प्रशिक्षण केंद्रं बंद केली होती, ठाणी विकली होती, त्यांना आता धावत सुटायचं होतं. मार्च २०२३ पर्यंत आकडा गाठला गेला. फक्त एका दलाला आपला वाटा पुरा करता आला नाही, ते लंडनचं मेट्रोपॉलिटन. तिथे इतरत्र नसलेले लंडनचे भत्ते मिळतात. २०१३ मध्ये ते साडेसहा हजार पौंडांच्या घरात होते. तरीही लंडनचं घरभाडं पाहता उमेदवारांनी पाठ फिरवली.

विन्सर यांनी मोजली होती ती दारात उभ्या असलेल्यांची रांग. रांग लांब होती, यात खोटं काही नाही. पण पोलीस दलाला रांगेतला माणूस नको असतो, दहा वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस हवा असतो. मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये साडेचार हजारांहून जास्त पोलिसांनी स्वेच्छेने राजीनामे दिले, हा तोवरचा उच्चांक होता. याचं सगळं खापर पगारावर फोडणं बरोबर नाही. रजा रद्द होणं, वरिष्ठांची वागणूक, मेट्रोपॉलिटनमधल्या भयंकर प्रकरणांनंतर गेलेली इज्जत, ही कारणंही आहेत. पण सात वर्षांनी मिळणाऱ्या उडीच्या आशेवर तिसऱ्या वर्षाचं भाडं भरता येत नाही, हे कळायला अहवाल लागत नाही. भरतीच्या लाटेनंतर दर तीन पोलिसांमागे एक पाच वर्षांपेक्षा कमी सेवेचा होता. नव्याला शिकवायला जुना कुठून आणायचा, असा प्रश्न अनेक ठाण्यांत उभा राहिला.

हेच नाटक आयर्लंडमध्ये जास्त उघडपणे झालं. तिथे जानेवारी २०११ पासून सगळ्याच नव्या सरकारी नोकरांचा पगार दहा टक्के कमी धरला गेला. पोलिसांची, म्हणजे ‘गार्डा’ची, टेम्पलमोरची प्रबोधिनी २००९ पासून २०१४ पर्यंत नव्या उमेदवारांना बंदच होती. ती उघडली तेव्हा प्रशिक्षणार्थीला आठवड्याला १८४ युरो मिळत आणि शपथ घेतल्यावर वर्षाला २३ हजारांच्या आसपास. जुन्यांना मिळणारा चार हजार युरोंच्या वरचा घरभत्ता नव्यांना नव्हता. डब्लिनमध्ये तेव्हा घरभाडी आकाशाला भिडली होती. फरक एवढाच की इथे आतल्यांनी बाहेरच्यांचं भांडण आपलं मानलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये चार शुक्रवार काम बंद ठेवायचं त्यांनी ठरवलं. पोलिसांचा असा उघड संप त्या देशात आधी कधी झाला नव्हता. पहिल्या शुक्रवारच्या आदल्या रात्री कामगार न्यायालयाच्या प्रस्तावावर संप मागे घेतला गेला. त्या प्रस्तावात नव्यांचा घरभत्ता परत देण्याचं कलम होतं.

आपल्याकडे ही युक्ती अपरिचित नाही. गुजरातमध्ये २००६ पासून तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतल्या नव्या नेमणुका पाच वर्षं ‘फिक्स पगारा’वर होतात, पोलिसातले लोकरक्षक त्यातच येतात. नियमित श्रेणी, भत्ते, सगळं पाच वर्षांनी. उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही पद्धत चुकीची ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फिक्स पगार चालू राहिला. २०२३ मध्ये त्यात ३० टक्के वाढ झाली. महाराष्ट्राने हाच प्रयोग पोलिसांवर केला नाही, शिक्षकांवर केला. २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शाळेतल्या नव्या गुरुजींना तीन वर्षं महिना ३,००० रुपये मानधन होतं. शेजारच्या वर्गात तेच पाढे शिकवणारे जुने गुरुजी पूर्ण श्रेणीत. आणि पोलिसांनी संघटित होऊन मागायचं म्हटलं तर १९६६ चा निर्बंध कायदा आहेच. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईचे पोलीस रस्त्यावर उतरले, तेव्हा सैन्य बोलावलं गेलं आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. ब्रिटिश शिपायाला निदान ओरडायला एक अधिकृत व्यासपीठ आहे, मंत्र्यांची तोंडावर हुर्यो उडवता येते. २०२१ मध्ये पगार गोठवल्यावर फेडरेशन वेतन आढावा समितीतून बाहेरही पडलं.

इंग्लंडमधला सुरुवातीचा आकडा शेवटी वर आला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तो साडेतेवीस हजारांवर गेला, म्हणजे बारा वर्षांपूर्वी जिथे होता तिथे. २०२३ मध्ये सगळ्यात खालची पायरी दुसऱ्या पायरीला नेऊन भिडवली आणि सुरुवात २८,५५१ पौंड झाली. ज्या पायरीमुळे एवढं रामायण घडलं, ती जाहीर सभा न घेता, मोर्चा न निघता, एका वेतनतक्त्यात पुसली गेली. उमेदवार मिळेनात, एवढं कारण पुरलं. तरी कपात भरून निघाली असं म्हणता येत नाही. २०१० च्या २३,२५९ पौंडांना मधल्या तेरा वर्षांची महागाई लावली, तर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तेवढीच खरेदी करायला ३३ हजार पौंडांहून अधिक लागत होते.